सहा चाचण्यांचा चाकू

पुंजाराम शिरसाठांना एक चाकू हवा होता. खिशात मावणारा, मिटणारा, रोज जवळ बाळगायचा. यात हसण्यासारखं काही नाही असं त्यांचं ठाम मत होतं. पुढे जे झालं त्यातही चाकूचा दोष फार थोडा होता.

सुरुवात फ्रिजपासून झाली. दिवाळीला पुण्याहून उज्वला आली, त्यांची एकुलती एक मुलगी. आल्या आल्या तिने फ्रिज उघडला आणि उघडाच धरून उभी राहिली. आत फळंच फळं होती. संत्री मऊ पडलेली, पेरू काळे झालेले, आणि मागे एक पपई, तिच्याकडे तर बघवत नव्हतं.

"आप्पा, हे काय आहे?"

"फळं."

"ते दिसतंय. खात का नाही?"

"आणतो की रोज."

"आणता. पण खात का नाही?"

आप्पांकडे याचं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. त्यांच्या पत्नी सरूबाई मार्चमध्ये गेल्या. अडतीस वर्षं फळ म्हणजे आप्पांच्या लेखी ताटलीत, फोडी करून, मीठ-तिखट लावून समोर येणारी गोष्ट होती. बाजारातून आणणं हे त्यांचं काम. ते काम त्यांनी सरूबाईंच्या माघारीही चुकवलं नव्हतं. पुढचं काम करणारं माणूस नव्हतं, एवढंच.

"तुम्हाला एक पेरू कापून खाता येत नाही," उज्वला म्हणाली. "असे एकटे कसे राहणार? चला पुण्याला. आमच्या वेदिकाच्या खोलीत तुमचा पलंग बसतो, मी मापं घेतली आहेत."

"चाकू नाही म्हणून," आप्पा म्हणाले.

"ओट्यावर तीन सुऱ्या आहेत."

"त्या सुऱ्या आहेत. मी चाकू म्हणालो."

चाकू म्हणजे सरूबाईंचा चाकू. लाकडी मुठीचा, मिटणारा, त्यांच्या कापडी पिशवीत कायम असलेला. नांदगाव त्यांचं माहेर. गाडीने मनमाड सोडलं की त्या पिशवीतून पेरू काढत, मग चाकू, मग मिठाची पुडी. पहिली फोड पात्यावर ठेवूनच आप्पांच्या पुढे यायची. घरीसुद्धा फळाला तोच चाकू. सुरीने कापलेल्या फळाला कांद्याचा वास येतो, हे सरूबाईंचं म्हणणं आप्पांना पटलेलं होतं.

आणि तो चाकू आप्पांनी स्वतःच्या हाताने देऊन टाकला होता. तेराव्याला सरूबाईंच्या वापरातलं काही कोणा बाईला द्यायचं, तर त्यांनी एक लुगडं आणि ती पिशवी नवसाबाईला दिली. नवसाबाईची त्रिमूर्ती चौकात पेरूची गाडी. सरूबाईंची वीस वर्षांची मैत्रीण. देताना आप्पांनी पिशवीत पाहिलं नाही. बायकोच्या पिशवीत त्यांनी जन्मात कधी हात घातला नव्हता, तो तेराव्याला कसा घालणार? संध्याकाळी लक्षात आलं. पण बायकोच्या नावाने दिलेलं परत कसं मागायचं? तेव्हापासून आप्पा त्रिमूर्ती चौक टाळून, मागच्या दोन गल्ल्यांना वळसा घालून बाजारात जात.

यातलं उज्वलाला काही माहीत नव्हतं. तिने सरळ निकाल दिला.

"ठीक आहे. घ्या चाकू. महिनाअखेर मी गाडी घेऊन येते. तोपर्यंत स्वतः फळ कापून खायला लागलात, तर राहा इथे. नाही तर गाडीत बसायचं."

नाशिकच्या सिडकोतलं हे दोन खोल्यांचं घर सरूबाईंनी हप्ते फेडून, वर पत्रा टाकून, मग पत्रा काढून स्लॅब टाकून उभं केलं होतं. ते सोडून पुण्याला नातीच्या, वेदिकाच्या खोलीत मापात बसायची आप्पांची तयारी नव्हती. चाकू मिळवणं भाग होतं.

आता कोणी म्हणेल, दुकानात जावं, चाकू घ्यावा. ज्याने चौतीस वर्षं अंबडच्या कारखान्यात इन्स्पेक्टर म्हणून काढली त्याला हे सांगून पाहा. गाड्यांचे सुटे भाग बनायचे, आणि आप्पांच्या टेबलावरून गेल्याशिवाय एक नग बाहेर पडायचा नाही. माप चुकलं की लाल रंगाचा टिपका. कारखान्यात एक सोय असते. नग मापात नाही पण काम देईल असं वाटलं, तर इन्स्पेक्टरने 'डेव्हिएशनवर पास' असं लिहून सही करायची. मॅनेजर लोक या सहीसाठी आप्पांच्या मागे फिरत, चहा पाठवत, एकाने तर मुलाच्या लग्नात पहिल्या रांगेत बसवलं. चौतीस वर्षांत आप्पांनी ती सही एकदाही केली नाही. निवृत्तीच्या भाषणात साहेबांनी याचा उल्लेख केला तेव्हा टाळ्या पडल्या. त्या सुटकेच्या होत्या, हे फक्त आप्पांना कळलं नाही.

तर आप्पांनी वही घेतली आणि चाचण्या लिहिल्या. एक, नखाने उघडला पाहिजे पण आपोआप उघडता कामा नये. दोन, उघडल्यावर पातं आडवं हलता कामा नये. तीन, मागची पट्टी टक् करून बसली पाहिजे. चार, मिटल्यावर टोक कुठेही बोटाला लागता कामा नये. पाच, धार. सहा, दिवसभर खिशात ठेवला तर तो आहे हे विसरायला झालं पाहिजे, कारण ज्याची सारखी आठवण येते ती वस्तू रोज बाळगायची नसते.

मेन रोडच्या आतल्या गल्लीत चंदरचं दुकान आहे. अडकित्ते, कात्र्या, विळे, चाकू. आप्पांनी त्याच्यापुढे फीलर गेज काढला, म्हणजे कागदाहून पातळ पत्र्यांचा जुडगा, आणि एकेका चाकूच्या सांध्यात पत्रा सारून फट मोजायला लागले. अकरा चाकू झाले. दुकानात गिऱ्हाइकं तुंबली.

"काका," चंदर म्हणाला, "पेरू कापायचाय का विमान बनवायचंय?"

"फट जास्त आहे."

"फट तर माझ्या दारालाबी हाय. बंद होतंय ना?"

"बंद होणं आणि नीट बंद होणं यात फरक असतो."

"असतो, असतो. पण मागची बाई अर्ध्या तासापासून विळी धरून उभी हाय. तिच्याशी नीट बोला आता."

आप्पांनी दोन चाकू घेतले आणि विळीवाल्या बाईची नजर चुकवून बाहेर पडले.

घरी आल्यावर पाचवी चाचणी. धार कशी बघायची हे कारखान्यातल्या कोणालाही विचारा. अंगठ्याचं पेर पात्यावरून आडवं हलकेच फिरवायचं. आप्पांनी हे हजार वेळा केलं होतं. पण तेव्हा त्यांचा अंगठा कारखान्यातला होता, चामड्यासारखा. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. या काळात अंगठ्याचं कातडं मऊ झालं, हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं.

पट्टी बांधली. दुसऱ्या चाकूसाठी डावा अंगठा घेतला. जखमी बोटावर दुसरी चाचणी घेतली तर दोन निकालांची तुलना होत नाही. हा नियम शास्त्रशुद्ध होता आणि पुढची सगळी वाताहत त्यातूनच झाली.

खालच्या मजल्यावरच्या किशोरला हे कळलं. किशोर विम्याचं काम करतो आणि इतर सर्व विषयांचं ज्ञान मोबाइलवरून मिळवतो.

"काका, चंदर-बिंदर सोडा. स्टील बघा, स्टील! हार्डनेस किती आहे ते विचारलं का?"

आप्पांना हा मुद्दा आपल्याला सुचला नाही याचं वाईट वाटलं. किशोरने तिथल्या तिथे एक चाकू मागवून दिला. तीन दिवसांनी आला. त्यात बारा हत्यारं होती. नखाने पातं उघडायला जावं तर करवत निघे, करवत मिटावी तर बूच काढायचं निघे. सगळं एकदम उघडलं तेव्हा तो चालत सुटेल असं वाटायला लागलं. धार मात्र होती. उजवी तर्जनी.

वरच्या मजल्यावरच्या सुवर्णावहिनी पट्ट्या बघून हळहळल्या. "आप्पा, लोखंड जवळ असलेलं चांगलंच. पण खिशात नको, उशीखाली ठेवा. वाईट स्वप्नं पडत नाहीत."

"मला स्वप्नंच पडत नाहीत, वहिनी. झोप लागली तर ना."

संध्याकाळी वरून वाटीभर शिरा आला.

बुधवारी गोदाकाठच्या, गंगेवरच्या बाजारातून आणखी तीन चाकू आले. त्यांतल्या एकाची मागची पट्टी इतकी कडक होती की तो मिटतानाच धार कळली, वेगळी चाचणी घ्यावी लागली नाही. मग किशोरने नवीनच शंका काढली. कुंभमेळ्याच्या तयारीमुळे बंदोबस्त वाढलाय, खिशात चाकू सापडला तर काय घ्या? आप्पा कायद्याने चालणारे. सरळ पोलीस चौकीत गेले.

"तीन इंचांच्या चाकूला परवाना लागतो का?"

हवालदाराने मान वर केली. "कशाला पाहिजे चाकू?"

"पेरू कापायला."

"पेरूवाले कापून देतात की."

"मला स्वतः कापायचाय."

हवालदाराने आप्पांच्या सहा पट्ट्यांकडे पाहिलं. "जमतंय का?"

"परवाना लागतो का, तेवढं सांगा."

"एवढ्याशा चाकूला कोण विचारतंय, आजोबा."

"मग तसं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"की कोणी विचारत नाही."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. मग त्याने टेबलावरचं सुपारीचं खांड पुढे सरकवलं. "आहे का आता जवळ? हे जरा फोडून द्या." सुपारी फुटली नाही, चाकूचं टोक तुटलं. तो चाकू नापास झाला, आणि लेखी काही मिळालं नाही.

सातवा चाकू चंदरकडेच मिळाला. आप्पा दुकानाच्या पायरीवर दिसताच त्याने खालच्या कप्प्यातून तो काढून दिला, म्हणाला, "हा घ्या आन मला मोकळं करा." साधा, पितळी मुठीचा. नखाने उघडला. फट नाही. टक् असा आवाज, की पुन्हा पुन्हा ऐकावा. आणि डाव्या मधल्या बोटाला त्याने इतक्या सफाईने कापलं की आप्पांना वहीवर लाल ठिपका दिसल्यावर कळलं. पाच चाचण्या पास. सहावी राहिली. आप्पांनी तो खिशात टाकला. पण दिवसभर हात खिशाकडेच जायचा. विसरायचं आहे हे ज्याला आठवतंय त्याने विसरायचं कसं? दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी आप्पा बँकेत गेले. नोव्हेंबर होता, पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना. दारात रखवालदाराने यंत्र फिरवलं. ते किंचाळलं.

"खिशात काय आहे?"

"काही नाही."

रखवालदाराने हात घालून पितळी चाकू बाहेर काढला. आप्पा चाकूकडे बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"पास!" ते ओरडले. "विसरलो होतो मी! पास झाला!"

रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरकली. रांगेत किशोरही होता.

चाकू दारात ठेवून आप्पा आत गेले. तिथल्या सरिता मॅडम चांगल्या बाई होत्या. त्यांनी मशीन पुढे केलं. "काका, अंगठा ठेवा."

आप्पांनी दोन्ही हात पुढे केले. सात पट्ट्या. उरलेली तीन बोटं मॅडमनी एकेक करून ठेवून पाहिली. मशीनने तिन्ही नाकारली. चौतीस वर्षांच्या कानशीने त्यांवरच्या रेघा केव्हाच घासून नेल्या होत्या.

"हरकत नाही, चेहऱ्यावरून करू," मॅडमनी मोबाइल समोर धरला. "डोळे मिचकावा."

मोबाइलने विचार केला आणि चेहरा जुळत नाही असं सांगितलं. आधारच्या फोटोत आप्पांना भरघोस मिशी होती. मुलगा नाही म्हणून सरूबाईंचे दिवस त्यांनीच केले, त्या वेळी मिशी उतरवली. मग कोणासाठी वाढवायची म्हणून वाढवली नाही. शिवाय आठ महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं होतं.

"काका, तुम्ही हयात आहात ते मला दिसतंय," मॅडम म्हणाल्या, "पण याला दिसत नाही. बोटं बरी झाली की या. तोपर्यंत जपा."

"बोटांना?"

"बोटांनाही."

दारातला चाकू घेऊन आप्पा बाहेर येईपर्यंत किशोरने पुण्याला फोन केला होता. त्याने जे सांगितलं त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आप्पांच्या सात बोटांना पट्ट्या आहेत. खिशात चाकू सापडला. सापडल्यावर ते आनंदाने ओरडले. आणि बँकेच्या मशीनमध्ये ते जिवंत दिसत नाहीत. शेवटी तो "ताई, घाबरू नका" असंही म्हणाला.

दुपारी चारला उज्वला दारात उभी होती. एकटीच गाडी चालवत आलेली. चप्पल न काढता ती आत आली, आप्पांचे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटेपालटे करून पाहिले. मनगटंसुद्धा पाहिली. तेव्हा कुठे आप्पांना कळलं की ही काय समजून इथवर आली आहे.

"आप्पा, खरं सांगा. माझी शपथ आहे."

आप्पा आत गेले. त्यांनी वही आणून दिली.

उज्वला खाली बसून वाचायला लागली. चाकू क्रमांक एक, फट पाच शतांश, उजवा अंगठा. चाकू क्रमांक तीन, करवत निघते. चाकू क्रमांक पाच, सुपारीने टोक गेले. ती वाचता वाचता हसायला लागली, मग तोंडावर पदरासारखी ओढणी धरली, आणि मग ती हसत नव्हती. आप्पा उभेच होते. सात पट्ट्यांच्या हाताने मुलीच्या पाठीवरून हात कसा फिरवायचा, याचा ते विचार करत होते. मग फिरवला. ओढणीत एक पट्टी अडकली.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं. "आणि फळ? किती कापलीत?"

आप्पांनी सुटलेली पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली.

"आप्पा, सात चाकूंनी मिळून एक तरी पेरू कापलात का?"

"ते चाचणीत नव्हतं," आप्पा म्हणाले, आणि म्हणताना त्यांनाच ते कसंतरी वाटलं.

"चला," उज्वला उठली. "नवसामावशीकडे जाऊ. पेरू घेऊ. आज निकाल लावूनच टाकू."

"दुसरीकडे जाऊ."

"का?"

वाटेत आप्पांना सगळं सांगावं लागलं. पिशवी, तेरावा, दोन गल्ल्यांचा वळसा. उज्वला वळसा न घालता सरळ चालत राहिली.

नवसाबाईने लांबूनच पाहिलं. "आलं का भाऊ? आठ महिने त्या गल्लीतनं वाकडं जाताय. मला दिसतं ना इथून! म्हटलं, माझं काय चुकलं?"

"चुकलं नाही काही," आप्पा म्हणाले. त्यांची नजर तिच्या हातावर होती. ती गिऱ्हाइकाला पेरू कापून देत होती, आणि हातात सरूबाईंचा चाकू होता.

"हा बाईचा," ती म्हणाली. "पिशवीत निघाला. द्यायला दोनदा आले, तुम्ही दार उघडलं नाय. मग म्हटलं, गंजण्यापरीस चालू राहू दे. घ्या, तुमचाच हाय."

आप्पांनी तो घेतला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा तो त्यांच्या हातात आला होता. आणि सवय वाईट, त्यांनी तपासायला सुरुवात केली. नख लावायच्या आधीच तो उघडला. पातं डावीउजवीकडे असं डुललं की गेज लावायची गरज नव्हती. पट्टीचा आवाजच नाही. मिटल्यावर टोक बाहेर. खिळा कधीच गेलेला, त्या जागी तांब्याची तार पिळून बसवलेली. ती तार आप्पांच्याच हत्यारांच्या पेटीतली होती. घासून घासून पातं बोटाएवढं अरुंद झालेलं.

"नवसाबाई," आप्पा हळूच म्हणाले, "हा तर एकाही चाचणीत बसत नाही."

"बाईबी तेच म्हनायची. म्हनायची, नवसे, ह्यो ह्यांच्या हातात नाय जाऊ द्यायचा, लाल टिपका लावून फेकून देतील. आन ह्याच्यासारखा दुसरा गावायचा नाय."

आप्पा खूप वेळ त्या तारेकडे बघत राहिले. पीळ नीट बसला होता. टोक आत वळवलेलं, बोटाला लागू नये म्हणून. मग त्यांनी खिशातून वही काढली, शेवटच्या चाकूखाली रेघ मारली आणि लिहिलं. चाकू क्रमांक आठ. सरूचा. सहा चाचण्यांत नापास. डेव्हिएशनवर पास, वापर चालू ठेवावा. खाली सही केली. बोटांना पट्ट्या असल्यामुळे ती वाकडी आली.

चाकू त्यांनी नवसाबाईच्या हातात परत दिला. "राहू द्या. इथे कामात आहे."

"मग तुम्ही कशाने खानार?"

आप्पांनी पितळी चाकू काढला, एक पेरू उचलला आणि गाडीच्या कडेला ठेवून कापायला घेतला. पट्ट्यांमुळे पेरू हातात राहीना. एकदा तो निसटून नवसाबाईच्या तराजूत जाऊन पडला. उज्वलाचा हात पुढे आला, "द्या, मी—" आणि तिचा तिनेच मागे घेतला. फोडी झाल्या. एक जाड, एक पातळ, एकीत निम्मा देठ. मीठ लावताना अर्धी पुडी सांडली. मग आप्पांनी एक फोड पात्यावर ठेवली आणि तशीच उज्वलाच्या पुढे धरली.

तिने ती घेतली. खाताना तोंड वाकडं झालं, मीठ फार होतं. पण संपवली. मग आप्पांच्या खिशातलं पेन काढलं, वही ओढून घेतली आणि आप्पांच्या सहीखाली, उभ्यानेच, काहीतरी लिहिलं.

आप्पांना चष्मा लावून वाचावं लागलं.

क्रमांक नऊ. आप्पा. फोडी मापात नाहीत, मीठ जास्त, बोटं तीन शिल्लक. डेव्हिएशनवर पास. नाशिकलाच ठेवावे.

खाली सही होती. ती सरळ होती.

"नुसती सही नको," आप्पा म्हणाले, "तारीख टाक. तारखेशिवाय चालत नाही."

उज्वलाने तारीख टाकली. आप्पांनी दुसरी फोड कापली.